माळ्यावरचं मशीन आणि एक सेंटिमीटर जबडा

मी जबड्याची ऑपरेशनं करते. घोरणं आणि झोपेत अडणारा श्वास याविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन घेते आहे. पहिलं लांब आहे, पण त्यातला एकही तपशील गाळावासा वाटला नाही.

पत्र पहिलं

मॅडम, सप्रेम नमस्कार. आमचे हे ४१ वर्षांचे, पतसंस्थेत वसुली अधिकारी. रोज मोटारसायकलवर साठ-सत्तर किलोमीटर फिरती. घोरणं लग्नापासूनच आहे. सासूबाई म्हणतात, मामंजीही असेच घोरायचे, गाढ झोपेचं लक्षण आहे. पण दोन वर्षांपासून हे घोरता घोरता मध्येच गप्प होतात. मी मोबाइलवर सेकंद मोजले, एकदा ३८ भरले. मग गुदमरल्यासारखे दचकतात आणि परत सुरू. मे महिन्यात परशुराम घाटात डुलकी लागून गाडी रस्ता सोडून मातीत गेली, थोडक्यात वाचले. मग झोपेची तपासणी केली. एएचआय ५२ आला, रक्तातला ऑक्सिजन ७१ टक्क्यांपर्यंत उतरला होता. सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवा देणारं मशीन घेतलं, ते अकरा दिवस वापरलं. आता माळ्यावर आहे, चकलीच्या सोऱ्याशेजारी. वजन ७४ किलो, उंची पाच फूट सात इंच, म्हणजे लठ्ठ म्हणावेत असेही नाहीत. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. पुण्यातल्या एका सर्जननी यांच्याकडे बाजूने पाहिलं आणि सांगितलं, दोन्ही जबडे कापून पुढे घ्यावे लागतील. हनुवटी मागे आहे हे खरं, म्हणून तर दाढी ठेवतात. घोरण्यासाठी कुणी जबडा कापतं का? चेहरा बदलेल का? मशीनचा नाद सोडून सरळ ऑपरेशन करावं का? आणि मेडिक्लेम मिळेल का?
— एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर

ताई, आधी मोटारसायकलची किल्ली काढून घ्या. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. पतसंस्थेच्या मॅनेजरना तपासणीचा कागद दाखवा आणि काही महिने टेबलावरचं काम मागून घ्या. फिरती टळतच नसेल तर एसटीने जाऊ देत, किंवा कुणाच्या तरी मागे बसून. घाटात एकदा माती आडवी आली, दर वेळी येईलच असं नाही.

आता एएचआय ५२ म्हणजे काय ते बघू. झोपेच्या एका तासात श्वास पूर्ण थांबला किंवा फार उथळ झाला, असे प्रसंग सरासरी ५२. त्यातला प्रत्येक किमान दहा सेकंदांचा. सात तासांची झोप धरली तर रात्रीत ३६४ वेळा. दर सव्वा मिनिटाला कुणी खांदा हलवून उठवावं, तशी ती झोप. पाचपर्यंत आकडा आला तर आम्ही काही बोलत नाही. पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. सासूबाईंना सांगा की हे गाढ झोपेचं लक्षण नाही, उलट गाढ झोप या माणसाला कित्येक वर्षांत मिळालेलीच नाही. मामंजींबद्दल त्या म्हणतात त्यात मात्र तथ्य आहे. चेहऱ्याच्या हाडांची ठेवण आई-वडिलांकडून येते, आणि तुमच्या घरात आजार बहुधा हाडांतून आला आहे, पोटावरच्या चरबीतून नव्हे.

कसं, ते सांगते. जिभेचा मुख्य स्नायू खालच्या जबड्याला आतून, हनुवटीच्या मागे बांधलेला असतो. मऊ टाळू वरच्या जबड्याच्या मागच्या कडेला लटकतो. जागेपणी स्नायू ताठ असतात, त्यामुळे वाट उघडी राहते. झोपेत ते ढिले पडतात. ज्याचा जबडाच मुळात मागे बसलेला आहे, त्याच्या जिभेला मागे पडायला कितीशी जागा हवी? घशाची भिंत बोटभर अंतरावर. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांच्या चेहऱ्याची चौकट लहान असते, म्हणून पाश्चात्त्य माणसाला जो आजार शंभर किलोला गाठतो तो आपल्याला सत्तरीतच गाठू शकतो. अशा माणसाला पहिला सल्ला मिळतो वजन कमी करा, दुसराही तोच. करावं, चार किलो उतरले तर फायदाच आहे. पण वजन उतरून हनुवटी पुढे येत नाही.

नवारीचा पलंग आठवतो का? नवार सैल पडून मधे झोळ आला की दोन उपाय. नवार कापून आखूड करा, नाहीतर चौकट ताणून घ्या. घोरण्यासाठी टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ कापतात ते ऑपरेशन पहिल्या जातीचं, १९८१ पासून चालू आहे. जिथे अडथळा फक्त टाळूपाशी आहे तिथे ते उपयोगी पडतं, पण तीव्र आजारात त्याचा भरवसा कमी. जबड्याचं ऑपरेशन दुसऱ्या जातीचं. कापडाला हात लावायचा नाही, चौकट पुढे घ्यायची. वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे साधारण दहा मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. त्यांच्याबरोबर टाळू, जीभ आणि घशाच्या बाजूच्या भिंतीसुद्धा ताणल्या जातात. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की नुसत्या घोरण्यासाठी कुणी जबडा कापत नाही, कापूही नये. श्वास थांबण्यासाठी कापतात, आणि जिथे ते बसतं तिथे, गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवणं सोडलं तर, त्याच्याइतकं जोरदार ऑपरेशन दुसरं नाही.

तरीही मी आधी माळ्यावर चढायला सांगणार आहे.

हे सीपॅप मशीन सिडनीत कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरपासून जुळवलं, १९८१ साली ते जगापुढे आलं. त्यात औषध नाही, चाकू नाही, नुसती हवा आहे. हवेच्या दाबाने घसा फुगवून उघडा ठेवायचा. नीट बसलं तर त्याच रात्री ५२ चे ५ होतात, आणि हे कुठल्याही सर्जनला करून दाखवता येत नाही. तुमच्या ह्यांनी अकरा दिवसांत का सोडलं ते तुम्ही लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे. मास्क कडेने फुसफुसतो, नाक कोरडं पडतं, चेहऱ्यावर बांधलं की जीव घाबरा होतो, आणि पावसाळ्यात चिपळूणची वीज मध्यरात्री जाते. प्रत्येकाला तोड आहे. पूर्ण तोंडाच्या मास्कऐवजी नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क मागा. मशीनला पाण्याची टाकी जोडता येते, हवा ओलसर येते. पहिले आठ दिवस रात्री लावूच नका, संध्याकाळी बातम्या बघताना अर्धा तास लावून बसू देत. इन्व्हर्टरवर मशीन चालतं. नाकाचा पडदा वाकडा असेल तर तो आधी सरळ करून घ्यावा, बंद नाकावर कुठलाच मास्क टिकत नाही. असे दोन-तीन महिने मनापासून द्या. मशीनच्या आत किती तास वापरलं याची नोंद राहते, त्यामुळे डॉक्टरांना थापा मारता येत नाहीत हे ह्यांना आधीच सांगून ठेवा.

एवढं करूनही जमलं नाही, तर पुण्याच्या सर्जनकडे परत जा. त्यांनी बाजूने बघून जे सांगितलं तो अंदाज म्हणून मला चुकीचा वाटत नाही. पण अंदाजावर हाड कापत नाहीत. मोजमापाचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन हवा. शिवाय भूलतज्ज्ञ औषधाने झोप आणतात आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकातून दुर्बीण घालून घसा नेमका कुठे मिटतो ते बघतात, ती तपासणी मागा. तो व्हिडिओ तुम्हीही बघा. जीभ मागे पडताना एकदा डोळ्यांनी दिसली की घरातले निम्मे वाद मिटतात.

ऑपरेशन सगळं तोंडाच्या आतून होतं, चेहऱ्यावर व्रण राहत नाही. वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वर आडवा सोडवतात. ही रेघ रेने ल फोर या फ्रेंच सर्जनने १९०१ मध्ये दाखवली. मृतदेहांच्या चेहऱ्यांवर आघात करून हाड कुठल्या रेषांवर फुटतं हे तो बघत होता. आम्ही आज त्यातल्याच एका रेषेवर करवत चालवतो. खालच्या जबड्याचं कसब जास्त. अक्कलदाढेच्या मागचं हाड जाडीत उभं चिरायचं, मोड आलेल्या वालाच्या दोन डाळिंब्या होतात तसं. मग एक फाक दुसरीवरून पुढे सरकवायची, म्हणजे जबडा पुढे आला तरी हाडाला हाड लागून राहतं आणि जुळून येतं. ही युक्ती हुगो ओबवेगेझर यांची, १९५७ सालची. वर-खाली टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू बसतात. चार-पाच तास लागतात. पहिली रात्र आयसीयूत, कारण सूज असताना श्वासावर नजर हवी.

आता त्रास. त्या डाळिंबीच्या मधून एक शीर जाते, खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श देणारी. ती ताणली जातेच. म्हणून सुरुवातीला ओठ बधिर असणार, दातांचं इंजेक्शन दिल्यावर असतो तसा, पण महिनोन्‌महिने. बहुतेकांची संवेदना वर्षभरात बऱ्यापैकी परत येते, काहींचा एखादा चतकोर कायमचा बधिर राहतो. वय जास्त तितकी ही शक्यता जास्त. माझे एक पेशंट, प्राप्तिकराचे सल्लागार, सात वर्षांनी आजही चहा पिताना डाव्या हातात रुमाल धरतात. ओघळ शर्टवर पडेपर्यंत त्यांना कळत नाही. त्यांना मी विचारलं होतं, परत करून घ्याल का? ते म्हणाले, "रुमाल स्वस्त आहे." पण हे त्यांचं उत्तर झालं. जो माणूस बासरी वाजवतो त्याचं वेगळं येईल.

खाण्याचं मी नातेवाइकांना आधीच लिहून देते, कारण खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. पहिले दोन-तीन आठवडे सगळं पातळ: मुगाचं कढण, नाचणीची आंबील, भाताची पेज, गाळलेलं सार, मिक्सरमधून काढलेला वरणभात. पुढे महिनाभर गुरगुट्या भात, मऊ खिचडी. भाकरी साधारण सहा आठवड्यांनी, तीसुद्धा दुधात कुस्करून. पाच-सहा किलो वजन सहज उतरतं. दाढा एकमेकींवर नीट याव्यात म्हणून काहींना ऑपरेशनच्या आधी वर्ष-दीड वर्ष तारा लावाव्या लागतात. दोन्ही जबडे सारखेच पुढे घ्यायचे असतील आणि चावा आधीपासून चांगला असेल तर त्या टळतातही. सर्जननी याबद्दल काय ठरवलंय ते विचारा, कारण त्यावर ऑपरेशन दिवाळीत की पुढच्या दिवाळीत हे ठरतं.

चेहरा बदलतो. वरचा ओठ पुढे येतो, नाकपुड्या किंचित रुंद होतात, हनुवटी दिसू लागते. ज्यांचा जबडा मुळात मागे आहे त्यांना हा बदल बहुधा शोभतो, आणि तुमचे हे त्यातले दिसतात. ज्यांचा चेहरा आधीच पुढे आहे त्यांच्यात जपून करावं लागतं. पहिले काही आठवडे मात्र चेहरा सुजलेला असतो. एका पेशंटचा फोन चेहरा ओळखेना, तीन आठवडे तो आकडे दाबून उघडत होता.

यश किती? याच प्रश्नात लोक फसतात. २०१० मध्ये जुन्या सगळ्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, त्यात ६२७ पेशंट होते. सरासरी आकडा ६४ वरून साडेनऊवर आला. ८६ टक्के 'यशस्वी', ४३ टक्के 'बरे'. दोन्ही खरे, फरक व्याख्येचा. यशस्वी म्हणजे आकडा निम्म्याहून कमी झाला आणि वीसच्या खाली आला. बरा म्हणजे पाचच्या खाली. सर्जन ८६ म्हणाले तर त्यांना ४३ बद्दल विचारा. ५२ वरून १२ वर येणं ही मोठी गोष्ट आहे, दिवसाची झोप जाईल, ऑक्सिजन टिकेल. पण १२ म्हणजे शून्य नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

इथे माझीच एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षकांचं हे ऑपरेशन केलं. घोरणं बंद झालं, घरचे खूश, पेढे आले. सहा महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा करायची असते. ते टाळाटाळ करू लागले, मीही फार लावून धरलं नाही. तीन वर्षांनी बीपी आवरेना म्हणून फिजिशियननी तपासणी करवली, तर २८. आवाज गेला होता, श्वास थांबणं चालूच होतं, तेही आता मुकाट्याने. त्या दिवसापासून मी पेढे घेते पण दुसरी तपासणी झाल्यावरच.

मेडिक्लेमचं थोडक्यात. जबड्याचं ऑपरेशन दिसलं की विमा कंपन्या 'सौंदर्यासाठी' म्हणून नाकारू बघतात. ऑपरेशनच्या आधीच मंजुरी मागा. सोबत झोपेच्या तपासणीचा अहवाल, मशीनची वापराची नोंद आणि फिजिशियनची चिठ्ठी जोडा. मशीन परत खाली काढण्याचं हे आणखी एक कारण.

पत्र दुसरं

ऑनलाइन एक दातांचं साधन मिळतं. गरम पाण्यात मऊ करून चावायचं, रात्री तोंडात ठेवायचं, जबडा पुढे राहतो आणि घोरणं बंद. मी ५८ वर्षांचा, मागवू का?
— डोंबिवली

उत्तर

कल्पना खरी आहे, वस्तू कच्ची. खालचा जबडा रात्रीपुरता पुढे धरून ठेवणारी साधनं आम्ही दातांचं माप घेऊन बनवतो आणि दर काही दिवसांनी मिलिमीटर मिलिमीटर पुढे सरकवतो. सौम्य आणि मध्यम आजारात ती चांगली चालतात. गरम पाण्यातली सुटून पडते, एखाद-दोन दातांवर ताण देते आणि किती पुढे धरते याचा हिशेब नसतो. कुठल्याही साधनाला आधार म्हणून पुरेसे पक्के दात हवेत, कवळी असेल तर विषय संपला. आणि तुम्ही तपासणी केल्याचं लिहिलेलं नाही. आकडा कळल्याशिवाय मी घरच्या माणसालाही काही बनवून देत नाही.

पत्र तिसरं

माझी नात सात वर्षांची. दोन वर्षांची असताना बाजेवरून हनुवटीवर पडली, तेव्हा थोडं रक्त आलं, आम्ही हळद लावली. आता तोंड एक बोट जाईल एवढंच उघडतं. भाकरीचा तुकडा दातांच्या फटीतून सारावा लागतो. हनुवटी आत गेली आहे, पोरं चिडवतात. रात्री मोठ्याने घोरते, बऱ्याचदा उठून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते. शाळेत पेंगते. बाई म्हणतात, आळशी आहे. कुणी म्हणतं वयात आली की उघडेल. काय करावं?
— एक आजोबा, परभणी जिल्हा

उत्तर

आजोबा, वयात आली की उघडणार नाही, उलट दर वर्षी घट्ट होईल. तुम्ही लिहिलंय त्यावरून कानापुढचा जबड्याचा सांधा हाडाने जुळून गेला असावा. लहान वयात हनुवटीवर पडलं की मार वर सांध्यात जातो, आत रक्त साचतं आणि पुढे त्याचं हाड होतं. कान फुटून झालेल्या संसर्गातूनही असं होतं. हळद लावली यात तुमचा दोष नाही, जखम हनुवटीची दिसत होती, सांध्याची दिसत नव्हती. खालचा जबडा वाढतो तो बऱ्याच अंशी या सांध्याच्या बळावर, म्हणून हनुवटी मागे राहिली, आणि वर चिपळूणच्या ताईंना जिभेचं जे सांगितलं तेच इथे सात वर्षांच्या मुलीत घडतंय. ती आळशी नाही. रात्रभर ती श्वासासाठी झगडते आहे.

इथे ऑपरेशनचा क्रम महत्त्वाचा. नुसता सांधा सोडवला तर तोंड उघडेल, पण जबडा आखूडच राहील आणि झोपेतला श्वास कधी कधी आणखी बिघडतो. म्हणून श्वासाचा त्रास असलेल्या मुलांत बरेच सर्जन आधी जबडा लांब करतात, मग सांधा सोडवतात. लांब करण्याची पद्धत रशियातल्या इलिझारोव यांनी पायाच्या हाडासाठी काढली, जबड्यासाठी ती १९९२ पासून प्रचलित झाली. हाडाला काप देऊन दोन्ही बाजूंना एक स्क्रूचं यंत्र बसवतात, काही दिवस थांबतात, मग रोज एक मिलिमीटर फिरवतात, अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. फटीत नवं हाड भरत जातं. फिरवायचं काम घरच्या माणसाला शिकवतात. हात थरथरत नसेल तर ते तुम्ही करा, मुलं आजोबांकडून सहन करतात.

तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय जवळ पडेल. तिथे मुखशल्यचिकित्सा विभाग विचारा, आणि केसपेपर काढतानाच "रात्री श्वास अडतो, बसून झोपते" हे शब्द सांगा, नुसतं "तोंड उघडत नाही" म्हणू नका. तोंड उघडत नसल्याने भुलीची नळी नाकातून दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागते, तेव्हा गावाजवळच्या छोट्या दवाखान्यात कुणी पटकन करून देतो म्हणालं तर नको म्हणा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाच्या, टेबलावर आधीच विचारून घ्या.

सांधा सोडवल्यानंतरचं काम घरी, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या जमवा. एकावर एक रचून दाढांच्या मधे सरकवायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि किती बसल्या ते वहीत लिहायचं. दुखतं, मूल रडतं, घरचे कळवळून दोन दिवस सोडतात आणि सांधा पुन्हा धरतो. दुसऱ्यांदा ऑपरेशनला आलेल्या मुलांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. शेवटच्या पानांवर काही लिहिलेलं नसतं.

तारीख मिळेपर्यंत तिला बळेच पाठीवर आडवी करू नका. कुशीवर झोपली तर कुशीवर, भिंतीला टेकून झोपली तर पाठीमागे उशी द्या. शाळेतल्या बाईंना हे पान दाखवा.